रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

आजची पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. खड्डे, पाणी, नगरपालिका यातलं काही नाही. विषय कॉम्प्युटरच्या पोटातला आहे. पण फिरून फिरून तो आपल्याच दारात येतो, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

सुरुवात आमच्या गल्लीतल्या मावशींपासून करतो. मावशी विधवा, वय पासष्ट. दर महिन्याला येणारं अनुदान अचानक बंद झालं. दोन महिने वाट पाहिली, तिसऱ्या महिन्यात माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुम्ही पेपरवाले, जरा विचारून बघा ना." गेलो सोबत. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका कार्यालयाचा नाही. खिडकीतल्या साहेबांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. म्हणाले, "यांचा हयातीचा दाखला फार जुना आहे, सिस्टिमने आपोआप बंद केलं."

दाखल्याची तारीख होती ०१/०१/१९७०.

१९७० साली मावशी शाळेत पाटी घेऊन जात होत्या. लग्न नाही, वैधव्य नाही, अनुदान नाही, आणि हयातीचा दाखला मात्र तयार! मी हे बोललो तर साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये जे आहे ते आहे, मी काय करू?"

माझी पुतणी पुण्यात असते. लिनक्सच्या कर्नलवर काम करते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. संध्याकाळी तिला फोन लावला. ती हसायलाच लागली. "काका, ती तारीख नाहीच. तो न भरलेला रकाना आहे. युनिक्सच्या पद्धतीत वेळ १ जानेवारी १९७० पासून सेकंदांत मोजतात. कुणी काही भरलं नाही, शून्य तसंच राहिलं, आणि शून्याची तारीख करायला सांगितली की मशीन १ जानेवारी १९७० छापतं."

मग ती जे बोलली त्यावरून ही पोस्ट लिहितोय. "काका, आमच्याकडे मेमरीच्या पानांत हाच घोळ होतो. फरक एवढाच, आम्ही तो शोधायला सापळा लावून ठेवलाय."

हा सापळा काय आहे ते समजून घ्यायला मला दोन आठवडे लागले. लिनक्सच्या प्रत्येक बदलाची नोंद उघडी असते, कुणीही वाचू शकतं. मी वाचल्या, जिथे अडलो तिथे पुतणीला छळलं. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगतो.

तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या कर्नलवर चालतो. जगातल्या सर्वांत ताकदवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. म्हणजे खिशातल्या फोनपासून हवामानाचा अंदाज काढणाऱ्या यंत्रापर्यंत गाभा एकाच घराण्याचा.

हा गाभा मेमरीचे छोटे छोटे तुकडे पाडतो. एका तुकड्याला 'पेज', म्हणजे पान म्हणतात. नेहमीच्या कॉम्प्युटरवर एक पान ४ किलोबाइटचं. तुमच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी मेमरी असेल तर अशी २० लाख ९७ हजार १५२ पानं झाली. आता कुठलं पान कोण वापरतंय, किती जण वापरतायत, ते मोकळं आहे की राखीव आहे, कुठल्या भागात येतं, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं की नाही? म्हणून प्रत्येक पानाची एक नोंद असते. तिचं नाव 'स्ट्रक्ट पेज'. जमिनीच्या प्रत्येक गटाचा जसा सातबारा, तसा मेमरीच्या प्रत्येक पानाचा हा उतारा. ६४ बिटच्या यंत्रावर एक नोंद साधारण ६४ बाइटची. ८ जीबीच्या लॅपटॉपवर नुसत्या या उताऱ्यांचं दप्तर १२८ एमबी होतं. १ टेराबाइट मेमरीचा सर्व्हर असेल तर २६ कोटी ८४ लाखांवर नोंदी आणि १६ जीबीचं दप्तर!

आता गंमत अशी की मशीन चालू होतं तेव्हा मेमरी कोरी नसते. आधीच्या तासाचा फळा न पुसता मास्तर बदलावेत तसं असतं. कुठे इतिहासाची सनावळी, कुठे अर्धं गणित. म्हणून कर्नलला सुरुवातीलाच प्रत्येक उतारा नीट भरून घ्यावा लागतो. हे भरून घेणं म्हणजे 'इनिशियलाइज' करणं. ते राहून गेलं की त्या रकान्यात काय आहे हे देवालाच ठाऊक. आणि कर्नल मात्र त्याच्यावर विश्वास ठेवून निर्णय घेतो.

पूर्वी पद्धत अशी होती की दप्तराची जागा आधी पूर्ण शून्यांनी भरायची, मग एकेक नोंद खऱ्या माहितीने भरायची. म्हणजे फळा आधी पुसायचा, मग लिहायचं. सुरक्षित, पण दुप्पट काम. लहान मशीनवर कळतही नाही. टेराबाइटवाल्या सर्व्हरवर मात्र सुरू व्हायलाच मिनिटं जायला लागली. तेव्हा २०१५ मध्ये मेल गोरमन यांनी मार्ग काढला. थोड्याच नोंदी आधी भरायच्या, बाकीच्या नंतर, समांतरपणे वाटून घेऊन. हे ४.२ आवृत्तीत आलं. पुढे २०१७ मध्ये ओरॅकलमधले पावेल ताताशिन म्हणाले, की नंतर सगळं भरायचंच आहे तर आधी शून्यं कशाला भरायची? ती पायरीच काढून टाका. हा बदल ४.१५ मध्ये आला, जानेवारी २०१८ ला. १ टेराबाइटच्या यंत्रावर सव्वा मिनिटाचं काम एका मिनिटाच्या आत आलं.

इथपर्यंत सगळं छान. वेग हवा होता, वेग मिळाला. पण दोघांच्या मध्ये एक फट होती.

काही पानं अशी असतात की ज्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. फर्मवेअरने राखून ठेवलेली जागा असते. मेमरीच्या मांडणीतली भोकं असतात, म्हणजे क्रमांक आहे पण मागे खरी मेमरीच नाही. आपल्याकडे कशी नकाशात जमीन असते आणि जागेवर गेलं तर नदी असते, तसं. या पानांचे उतारे कुणीच भरत नव्हतं. पण आधी सगळीकडे शून्य भरलेलं असायचं म्हणून ते खपून जायचं. शून्याने चूक झाकलेली होती. शून्य काढलं आणि चूक उघडी पडायची वेळ आली.

इथे मला या लोकांचं मन कळलं. वेगासाठी खबरदारीची पायरी काढली, तेव्हा तिच्या जागी त्यांनी मुद्दाम दुसरी गोष्ट ठेवली. तपासणीसाठी बनवलेल्या कर्नलमध्ये दप्तराची ती जागा शून्यांऐवजी सगळी एकांनी भरायची. बायनरीतले सगळे १. याला ते 'पॉयझनिंग' म्हणतात, चक्क विष घालणं. खरी नोंद कधीच अशी दिसत नाही. म्हणजे कुणी नोंद भरायची विसरला आणि दुसरा कुणी ती वाचायला गेला, की पहिल्याच घासाला विष लागतं. कर्नल तिथेच थांबतो आणि ओरडून सांगतो की हे पान भरलेलं नाही, विषारी आहे, आणि कुठल्या रस्त्याने कोण इथे वाचायला आलं त्याचा पूर्ण माग छापतो.

मी पुतणीला विचारलं, "अगं, शून्यच ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? शून्य म्हणजे काही नाही, हे कुणालाही कळतं."

ती म्हणाली, "तिथेच तर सगळे फसतात, काका. शून्य म्हणजे 'काही नाही' असं मशीनला वाटत नाही. पानाच्या नोंदीत ते कुठल्या नोडमध्ये आणि कुठल्या झोनमध्ये आहे हेही लिहिलेलं असतं. सगळं शून्य असेल तर मशीन वाचतं, नोड शून्य, झोन शून्य. आणि तो पत्ता खरा आहे! त्या पत्त्यावर खरी पानं राहतात."

मावशींचा दाखला मला तेव्हा कळला. शून्य रिकामं नव्हतं. शून्याला पत्ता होता, १ जानेवारी १९७०.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. दोन खऱ्या गोष्टी सांगतो.

पहिली २०१८ ची, आयबीएमच्या मेनफ्रेम यंत्रांवरची. तिथे कर्नल मेमरी २५६ एमबीच्या तुकड्यांत सांभाळतो. तपासताना मशीनला सांगितलं की २०५० एमबीच मेमरी वापर. हिशोब करा. २५६ चे आठ तुकडे म्हणजे २०४८. उरले २ एमबी, ते नवव्या तुकड्यात. त्या तुकड्यातल्या २ एमबीच्या नोंदी भरल्या गेल्या, उरलेल्या २५४ एमबीच्या, म्हणजे ६५ हजार २४ पानांच्या नोंदी तशाच राहिल्या. मग कुणीतरी मेमरीची माहिती देणारी एक साधी फाइल वाचली. बदल काही केला नाही, नुसती वाचली. मशीन आडवं! माहिती मागितली की कार्यालय कोसळतं, हा अनुभव आपल्यालाच आहे असं वाटायचं, तर नाही.

ही चूक सापळ्यानेच पकडली. २०१८ च्या अखेरीस दुरुस्ती आली, की तुकडा अर्धा असला तरी त्यातल्या सगळ्या नोंदी भरायच्या. सरळ वाटतं ना? पण या दुरुस्तीत एक गृहीतक होतं, की एक तुकडा एकाच नोडचा असतो. थोड्याच दिवसांत एका वापरकर्त्याचं वेगळ्याच बनावटीचं यंत्र सुरू होईना. त्याच्या मेमरीची मांडणी पाहिली तर एकच तुकडा दोन नोडांत वाटलेला. एकच गट दोन गावांच्या शिवेवर असावा तसा. २०१९ च्या सुरुवातीला ती दुरुस्ती मागे घेतली आणि दुसऱ्या बाजूने केली. नोंदी वाचणाऱ्यालाच बजावलं की तू आपल्या झोनची हद्द ओलांडून वाचू नकोस.

दुसरी गोष्ट २०२० ते २०२१ ची. ही शून्याची आहे म्हणून जास्त महत्त्वाची. ४.१५ नंतर राहून गेलेल्या पानांसाठी एक मलमपट्टी केलेली होती. जी पानं कुणाचीच नाहीत त्यांच्या नोंदी शून्य करून टाका, म्हणजे कचरा तरी दिसणार नाही. २०२० च्या मध्याला नोंदी भरायच्या पद्धतीत बदल झाला आणि मेमरीतल्या भोकांच्या नोंदीही या मलमपट्टीखाली आल्या. आता ही पानं क्रमांकाप्रमाणे एका झोनच्या हद्दीत, आणि नोंदीत मात्र झोन शून्य. सातबारा एका गावचा, जमीन दुसऱ्या गावात. पानांची सरकवासरकव करणारा कर्नलचा भाग तिथे पोचला की मेळ बसेना आणि यंत्र थांबायचं. आंद्रेआ अर्कांजेली यांनी हे खोदून काढलं. माइक रापोपोर्ट यांनी दुरुस्ती लिहिली.

ती ५.११ च्या तयारीत आत गेली. आणि झालं काय, तपासणीच्या ताफ्यातली पाच-सहा वेगवेगळी यंत्रं गुपचूप बूटच होईनात. शोध घेतला तर बोट याच दुरुस्तीकडे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ५.११ बाहेर पडायच्या आत ती सरळ मागे घेतली. "आता आवृत्ती जवळ आली, जाऊ द्या" असं केलं नाही. दुरुस्ती पुन्हा लिहिली गेली आणि ५.१२ मध्ये आली. यावेळी भोकांच्या नोंदींनाही नोड आणि झोन नीट लिहून दिले. मागे मेमरी नसली तरी नोंद खोटी नको.

दोन्ही गोष्टींत पहिली दुरुस्ती चुकली. दोन्ही वेळा ती उघडपणे मागे घेतली. मागे घेतल्याची नोंदही तिथेच आहे, कारणासकट. मला पत्रकार म्हणून याचं फार अप्रूप वाटलं. आम्ही चूक केली तर आतल्या पानावर तळाला दोन ओळींचा खुलासा छापतो, तोही कुणी नोटीस पाठवली तर. या लोकांकडे दुरुस्तीच्या नोंदीत ठरलेल्या ओळी असतात. कोणत्या जुन्या बदलामुळे चूक शिरली, कुणी कळवली, कुणी तपासून पाहिली, सगळं नावानिशी. ज्याने चूक कळवली त्याचं नाव तिथे कौतुकाने येतं. आपल्याकडे चूक दाखवणाऱ्याला 'तक्रारखोर' म्हणतात.

आता माझं म्हणणं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या रजिस्टरातलं सगळं कॉम्प्युटरात गेलं. चांगलं झालं, मी त्याच्या विरोधात नाही. रजिस्टर उंदीर खातात, पावसात भिजतात, हवं तेव्हा हरवतात. पण नेताना घाई झाली. तारीख ठरलेली, उद्घाटन ठरलेलं, त्याच्या आत डेटा चढवा. ताताशिन यांनी पायरी काढली तशी आपणही काढली. फरक असा, की त्यांनी पायरी काढताना सापळा लावला. आपण सापळा लावलाच नाही. न भरलेले रकाने शून्य होऊन बसले आणि खऱ्या माहितीसारखे दिसायला लागले.

कागदी रजिस्टरात रिकामा रकाना डोळ्यांना दिसायचा. कारकून पेन्सिलने तिथे प्रश्नचिन्ह करून ठेवायचा, माणूस आला की विचारायचा. स्क्रीनवर रिकामं दिसतच नाही. तिथे शून्य असतं, किंवा 'नाही' असतं, किंवा १९७० असतं. आणि छापील अक्षराला आपण मान देतो.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना आम्हाला एक गोष्ट बजावून सांगितली होती. अपघाताच्या बातमीत मृतांचा आकडा मिळाला नाही तर 'मृतांचा आकडा समजू शकला नाही' असं लिहायचं. 'जीवितहानी नाही' असं लिहायचं नाही. दोन्ही वाक्यं वेगळी आहेत. एक म्हणतं मला माहीत नाही, दुसरं म्हणतं मला माहीत आहे की कुणी गेलं नाही. घाईत हा फरक विसरणाऱ्या बातमीदाराला दुसऱ्या दिवशी लोकांना तोंड दाखवता येत नाही. मग हाच फरक विसरणाऱ्या सिस्टिमला कुणी का विचारत नाही?

कुणी म्हणेल, सगळीकडे शून्य भरणं वाईटच असं कसं? बरोबर आहे, तसं नाही. लिनक्समध्येच २०१९ मध्ये, ५.३ आवृत्तीत, मेमरी कुणाला देताना ती शून्य करून देण्याची सोय आली. आधीच्या माणसाची माहिती पुढच्याच्या हाती लागू नये म्हणून. भाडेकरू बदलताना खोली रिकामी करून द्यावी तसं, आणि ते हवंच. पण खोली रिकामी करून देणं वेगळं आणि रिकाम्या खोलीत कुणी राहतं असं मतदार यादीत लिहिणं वेगळं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. एवढी तपासणी केली तर काम कधी होणार? हा आक्षेप त्यांच्याकडेही आला. प्रचंड मेमरीच्या यंत्रांवर विष घालण्यातच वेळ जायला लागला, तेव्हा २०१८ मध्ये इंटेलमधल्या अलेक्झांडर डाइक यांनी ते बंद करायचं बटण दिलं. पण बघा, तपासणीच्या कर्नलमध्ये ती सुरूच धरलेली आहे. बंद करायची तर माणसाने जाणूनबुजून करायची. आपल्याकडे उलटं. तपासणी बंदच धरलेली, सुरू करायची तर मावशींनी तीन हेलपाटे मारायचे.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. हे कर्नलवाले काही संत नाहीत. चुका त्यांच्याही महिनोन्‌महिने लपल्या. यातल्या बहुतेकांना मोठमोठ्या कंपन्या पगार देतात, त्यांना साधनं मिळतात. आपल्या खिडकीतल्या साहेबांकडे एक जुना कॉम्प्युटर, पाच योजना आणि दुपारी जाणारी लाइट. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही. रकाना त्यांनी रिकामा ठेवला नाही, शून्याची तारीखही त्यांनी केली नाही. त्यांना बदल करायची परवानगीच सिस्टिम देत नाही. पण सिस्टिम ज्यांनी बनवून घेतली आणि ज्यांनी ती 'तपासून घेतली' म्हणून सही केली, त्यांना प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे.

माझ्या मागण्या तीनच आहेत, आणि एकीलाही वेगळं बजेट लागत नाही.

एक. 'भरलेलं नाही' याला स्वतःचं चिन्ह द्या. शून्य नको, 'नाही' नको, १९७० नको. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात 'माहिती भरलेली नाही' असं दिसू द्या. आणि ज्या नोंदीत असं दिसतं त्या नोंदीवरून कुणाचं अनुदान, रेशन, नाव आपोआप बंद करू नका. माहीत नसेल तर थांबा आणि माणसाला विचारा. कर्नल थांबतो, आपणही थांबू.

दोन. एक चूक सापडली की त्या जातीच्या सगळ्या शोधा. कर्नलमध्ये एका पानाच्या नोंदीत विष सापडलं की त्या एका पानाची नोंद भरून कुणी घरी जात नाही. ती कोणत्या वाटेने राहून गेली ते शोधतात, कारण त्याच वाटेवर आणखी हजारो असतात. आपल्याकडे मावशींचं काम झालं की फाइल बंद. मावशींसारखे आणखी किती जण १९७० मध्ये अडकलेत? त्या एका तारखेने यादी काढली की उत्तर मिळतं. काम पाच मिनिटांचं आहे. मी लेखी अर्ज देऊन ही यादी मागितली आहे. पोस्ट लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. आणि नाही, 'उत्तर आलं नाही' याचा अर्थ मी 'अशी प्रकरणं शून्य' असा लावणार नाही!

तीन. दुरुस्ती नावानिशी नोंदवा, आणि चुकली तर मागे घ्यायची लाज बाळगू नका. कुणी कळवलं, काय चुकलं होतं, काय बदललं, कुणी तपासलं, या चार ओळी पुरेत. नोटीस बोर्डावर लावा. 'सर्व्हर डाऊन' ही दुरुस्ती नाही आणि 'वरून आलंय' हे कारण नाही.

मावशींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. नवा हयातीचा दाखला दिला, अनुदान सुरू झालं. बंद काळातले पैसे अजून आलेले नाहीत. सिस्टिमच्या मते त्या काळात मावशी हयात असल्याचा पुरावा नाही. मावशी स्वतः खिडकीसमोर उभ्या होत्या, पण तसा रकाना नाही.

परवा त्या म्हणाल्या, "भाऊ, मी कागदावर मेले होते का मग?" मी म्हटलं, "नाही मावशी, मेला नव्हता. तुम्हाला कुणी भरलंच नव्हतं." त्या हसल्या, मला मात्र हसू आलं नाही.

आता तुमच्यासाठी एक काम. आपल्या किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ऑनलाइन नोंदी एकदा उघडून बघा. कुठे ०१/०१/१९७० दिसतंय का, उत्पन्न शून्य किंवा वय शून्य दिसतंय का, कधीच न दिलेलं उत्तर 'नाही' म्हणून छापलंय का. दिसलं तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. इथे कमेंटमध्ये फक्त 'आमच्याकडेही आहे' एवढंच लिहा. आधार नंबर, खाते नंबर, फोन नंबर कुणीही टाकू नका, मला मेसेजमध्येही पाठवू नका.

पन्नास जणांनी लिहिलं तर मी ते घेऊन पुन्हा त्या खिडकीवर जाईन. एकानेही लिहिलं नाही, तर 'कुणाकडे नाही' असं न धरता आणखी चार गल्ल्या फिरेन.